संत्र्याच्या रसातले ‘क’ जीवनसत्त्व सोमवारी वाढले कसे?

शुक्रवारी संत्र्याच्या ताज्या रसात १०० मिलीमागे ४८ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व भरले. सोमवारी तोच प्रयोग त्याच मुलांनी त्याच सामानाने केला, त्याच पेटीतली, फ्रिजमध्ये ठेवलेली संत्री पिळून, आणि आकडा ६० वर गेला. तोडलेल्या फळात तीन दिवसांत ‘क’ जीवनसत्त्व असे पावपट वाढत नाही. झालेच तर थोडे कमी होते. मग वाढले काय?

पुढचे प्रकरण शाळेच्या प्रयोगशाळेत नेहमी होणाऱ्या चुका एकाच गटाच्या वाट्याला आल्या असे धरून रचले आहे. आकडेही त्याच बेताने घेतले आहेत. मात्र त्यांच्यामागचे रसायन आणि हिशेब खरे आहेत, आणि ज्याला हा प्रयोग घरी किंवा शाळेत करायचा आहे त्याला यातली निदान एक तरी अडचण येतेच.

मांडणी

गटाकडे चार नमुने होते: सहा संत्र्यांचा एकत्र केलेला ताजा रस, तोच रस दहा मिनिटे उकळून, पाकिटातला संत्र्याचा रस आणि लिंबाचा स्क्वॅश. सहा फळे एकत्र पिळण्याला कारण आहे. एकाच पेटीतल्या दोन संत्र्यांत चांगलाच फरक असतो, त्यामुळे एका फळाच्या रसावरून काढलेला आकडा त्या फळापुरताच. सोमवारीही सहा फळेच घेतली होती, म्हणून ‘आजची संत्री चांगली निघाली’ हे उत्तर पटण्यासारखे नव्हते.

कसोटी नेहमीचीच, आयोडीनची. ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. त्याची आयोडीनशी गाठ पडताच अभिक्रिया होते आणि आयोडीनचा तपकिरी रंग जातो. रसात आधीच थोडा स्टार्च घातलेला असतो. ॲस्कॉर्बिक आम्ल शिल्लक आहे तोवर येईल तो थेंब ते खाऊन टाकते. ते संपले की पुढचा थेंब स्टार्चला भेटतो आणि द्रावण निळे होते. किती आयोडीन लागले त्यावरून किती आम्ल होते ते कळते.

आयोडीनसाठी जखमेवर लावायचे १० टक्के पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण वापरले. १० मिली घेऊन पाण्याने १०० मिली केले. घेताना बाटली नीट वाचावी: मलम चालत नाही आणि ‘स्क्रब’ लिहिलेले तर मुळीच नाही, कारण त्यात साबणासारखा फेसाळ पदार्थ असतो आणि फेसात रंग दिसत नाही.

स्टार्चसाठी अर्धा ग्रॅम कॉर्नफ्लोअर चमचाभर गार पाण्यात कालवून उकळत्या १०० मिली पाण्यात ओतायचे, मिनिटभर ढवळून गार करायचे. कोरडे पीठ थेट गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत अडकलेले आयोडीन रंगाचा घोळ करते. हे द्रावण रोज नवे करावे. शिळ्या स्टार्चचा रंग निळा न येता जांभळट, लालसर येतो.

तिसरे आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रमाण द्रावण, म्हणजे ज्यात ‘क’ जीवनसत्त्व किती ते आधीच माहीत आहे असे द्रावण. ५०० मिलिग्रॅमची ‘क’ जीवनसत्त्वाची एक गोळी कुटून उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची, गाळायची आणि ५०० मिली करायची. म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. पाणी उकळून घेतल्याने त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. तांब्याच्या भांड्यातले पाणी नको. तांब्याचा अंशही ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण भराभर करतो. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाची भुकटी आणि बरा तराजू असेल तर गोळीपेक्षा तेच घ्यावे. मुदत संपेपर्यंत लेबलाचा शब्द खरा राहावा म्हणून कंपन्या गोळीत लिहिल्यापेक्षा थोडे जास्त भरतात. आपण ते ५००च धरले तर सगळ्या रसांचे आकडे तेवढ्या प्रमाणात कमी येतात.

शुक्रवार

प्रत्येक मोजणीत १० मिली नमुना, ४० मिली पाणी, सायट्रिक आम्लाचे दोन-चार खडे आणि २० थेंब स्टार्च, पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये. आम्ल टाकण्यासाठी लिंबू पिळायचे नाही. सांगायची गरज नाही असे वाटते, पण हे होते. आणि लिंबात जे मोजायचे तेच असते. रस मलमलीतून गाळून घ्यायचा, कारण चोथा रंगही झाकतो आणि आयोडीनही धरून ठेवतो. मात्र गाळणकागदातून थेंबथेंब गळायला तासभर लावू नये. तेवढ्या वेळात हवा आपले काम करते.

ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, नसेल तर ५ मिलीच्या सिरिंजमधून, आयोडीन सोडायचे. थेंब पडला की तिथे निळा डाग उमटतो आणि हलवताच विरतो. डाग विरायला वेळ लागू लागला की शेवट जवळ आला असे समजावे आणि एकेक थेंब टाकावा. सगळ्या द्रावणाला आलेली निळसर छटा २० ते ३० सेकंद टिकली की थांबायचे. गडद निळ्याची वाट पाहणारा एक मिली पुढे गेलेला असतो. पहिली मोजणी अंदाजासाठी धरून सोडून द्यावी, नंतरच्या तीन ०.२ मिलीच्या आत जुळल्या तर सरासरी घ्यावी.

एक मोजणी नुसत्या पाण्याची आणि स्टार्चचीही करायची. तिलाही ०.१ ते ०.२ मिली लागतेच; ते सगळीकडून वजा करायचे. पुढचे आकडे ही वजाबाकी केल्यानंतरचे आहेत.

प्रमाण द्रावणाच्या १० मिलीला, म्हणजे १० मिलिग्रॅमला, १३.६ मिली आयोडीन लागले. १० भागिले १३.६ केले की १ मिली आयोडीन म्हणजे ०.७३५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व. हा झाला गुणक. बाटलीवरच्या टक्केवारीवरून हिशेब केला असता तर ०.६९ आला असता: १० टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये उपलब्ध आयोडीन सुमारे १ टक्का असते आणि २५४ ग्रॅम आयोडीनला १७६ ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल लागते. दोन आकड्यांत सहा टक्क्यांचा फरक आहे. म्हणूनच बाटलीवरून हिशेब करायचा नसतो.

ताज्या रसाला सरासरी ६.५७ मिली लागले. गुणिले ०.७३५ म्हणजे १० मिलीत ४.८३ मिलिग्रॅम, १०० मिलीत ४८.३. संत्र्याच्या ताज्या रसाला पन्नासच्या आसपासचा आकडा अपेक्षितच असतो. पाकिटातल्या रसाला ४.८ मिली, म्हणजे ३५.३. त्याच्या लेबलावर ३० लिहिले होते. इथवर सगळे ठीक.

उकळलेल्या रसाने पहिला धक्का दिला: ५१. उकळल्याने जीवनसत्त्व नष्ट होते असे पाठ असलेल्या मुलांना ते ताज्यापेक्षा जास्त दिसले. खुलासा भांड्यातच होता. १०० मिली रस उकळताना आटून ८५ मिली झाला होता आणि गटाने त्यातले १० मिली घेतले. पाणी घालून पुन्हा १०० मिली केल्यावर आकडा ४३.४ आला. म्हणजे उकळून घट झाली ती दहा टक्के. आंबट रसात ‘क’ जीवनसत्त्व उष्णता बऱ्यापैकी सोसते. त्याचा खरा शत्रू हवा, आणि हवेच्या जोडीला तांबे किंवा लोखंड. शिवाय उकळलेला नमुना पूर्ण गार करूनच तपासायचा, कारण गरम द्रावणात स्टार्चचा निळा रंग फिका पडतो किंवा येतच नाही.

सोमवार

संत्र्याच्या ताज्या रसाला ८.२ मिली. गुणक ०.७३५. उत्तर ६०.३.

गटाने योग्य शंका घेतली की आयोडीन बिघडले असावे. तपासायची योग्य रीतही निवडली: प्रमाण द्रावण पुन्हा मोजायचे. कपाटात शुक्रवारचे द्रावण अर्ध्या बाटलीत शिल्लक होते. त्याच्या १० मिलीला १३.९ मिली लागले. शुक्रवारी १३.६, आज १३.९, म्हणजे आयोडीन जसेच्या तसे, असा निष्कर्ष निघाला आणि वहीत ६० लिहिले गेले.

या प्रयोगातली सगळ्यांत फसवी जागा हीच. त्या दुपारी नवी गोळी विरघळवून ताजे प्रमाण द्रावण केले, तेव्हा त्याच्या १० मिलीला १७.१ मिली आयोडीन लागले. खरा गुणक १० भागिले १७.१, म्हणजे ०.५८५. रसाचे ८.२ मिली गुणिले ०.५८५ केले की १० मिलीत ४.८ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ४८. रस शुक्रवारसारखाच होता.

आणि कपाटातले जुने द्रावण? १३.९ गुणिले ०.५८५ म्हणजे ८.१ मिलिग्रॅम. १० मिलीत १० मिलिग्रॅम असायला हवे होते. अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेने तीन दिवसांत जवळपास पंचमांश खाल्ले. आयोडीनही तेवढेच, वीस टक्के, कमजोर झाले होते. दोन्ही बाजू सारख्याच घसरल्या, म्हणून तराजू सरळ दिसला.

आयोडीन का घटले तेही पाहण्यासारखे आहे. दाट द्रावणात पोव्हिडोन आयोडीनला घट्ट धरून ठेवते, म्हणून औषधाची बाटली महिनोन्महिने टिकते. पाणी घालून पातळ केले की ही पकड सैल होते आणि मोकळे आयोडीन वाढते. मोकळे आयोडीन उडून जाते, प्लॅस्टिकमध्ये आणि रबरी बुचात मुरते. शुक्रवारी ते द्रावण प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत, खिडकीशी, झाकण सैल ठेवून सोडले होते. गडद रंगाची काचेची बाटली आणि घट्ट झाकण असते तर घट कमी झाली असती, पण थांबली नसती. म्हणून नियम असा: पातळ आयोडीन त्याच दिवशी करावे, प्रमाण द्रावण तर त्याच तासात, आणि लांबलेल्या बैठकीत प्रमाण द्रावणाची मोजणी सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा करावी. दोन मोजण्यांत ०.३ मिलीपेक्षा जास्त अंतर पडले तर मधले सगळे आकडे संशयित.

स्क्वॅशचे कोडे

शुक्रवारी स्क्वॅशच्या १० मिलीला ३.९ मिली लागले होते. हिशेबाने १०० मिलीत २८.७ मिलिग्रॅम. लेबलावर ‘क’ जीवनसत्त्वाचा उल्लेखच नव्हता, आणि जी वस्तू विकायला सोयीची असते ती बाटलीवर सहसा लिहायची राहत नाही. घटकांच्या यादीत मात्र बारीक अक्षरांत २२४ हा क्रमांक होता. तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा, म्हणजे गंधकाच्या परिरक्षकाचा. आम्लात त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, आणि तोही आयोडीन खातो, अगदी ॲस्कॉर्बिक आम्लासारखाच. ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड आणि १७६ ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व यांना लागणारे आयोडीन सारखेच. म्हणजे १ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड या कसोटीत पावणेतीन मिलिग्रॅम जीवनसत्त्वाचे सोंग घेतो. २२० ते २२८ मधला कोणताही क्रमांक यादीत दिसला की सावध व्हावे. ३०० हा क्रमांक निराळा: तो बाहेरून घातलेल्या ॲस्कॉर्बिक आम्लाचा, म्हणजे तिथे मोजलेले जीवनसत्त्व खरे, फक्त फळातूनच आलेले असेल असे नाही.

सोंग ओळखायची एक कच्ची पण उपयोगी युक्ती आहे. सल्फर डायऑक्साइड वायू आहे, उकळले की बराचसा निघून जातो. आंबट द्रावणातले जीवनसत्त्व पाच मिनिटांत फारसे जात नाही. स्क्वॅश उघड्या भांड्यात, खिडकीशी किंवा धूर ओढणाऱ्या कपाटात पाच मिनिटे मंद उकळला, पाणी घालून पुन्हा मूळ मापावर आणला, गार केला. आता १.३ मिलीच लागले, म्हणजे १०० मिलीत ९.६ मिलिग्रॅम. शेजारी तसाच उकळलेला ताजा रस ४८ वरून ४६ वर आला होता. स्क्वॅशमधले जे पळून गेले ते जीवनसत्त्व नव्हते. उरलेले ९.६ सगळे खरे असेलच असेही नाही, कारण सल्फाइटचा काही भाग साखरेसारख्या पदार्थांशी बांधलेला असतो आणि हळूहळू सुटतो. त्याची खूण मोजतानाच मिळते: निळा रंग येतो आणि पंधरा-वीस सेकंदांत फिका पडतो, पुन्हा थेंब टाकावा तर पुन्हा तेच. असे झाले की वहीत आकड्याशेजारी ‘रंग टिकत नाही’ असे लिहून ठेवावे.

उलट्या दिशेचीही एक फसगत आहे. साठवलेल्या रसातले काही ॲस्कॉर्बिक आम्ल डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लात बदललेले असते. शरीराला ते चालते, पण आयोडीनला ते दिसत नाही. जुन्या रसाचा आकडा म्हणून जरा कमीच येतो. ही कसोटी जीवनसत्त्व ओळखत नाही. आयोडीन कोण खातो एवढेच तिला कळते, आणि किती खाल्ले तेही शेजारच्या प्रमाण द्रावणाच्या मापाने.

रंगीत रस, लेबल आणि एक गाजलेले पेय

लाल-जांभळ्या रसांत निळी छटा दिसणे अवघड. १० मिलीऐवजी ५ मिली रस घेऊन १०० मिली पाण्यात पातळ करावा आणि शेजारी आयोडीन न घातलेला तसाच एक फ्लास्क तुलनेसाठी ठेवावा. रंग ‘निळा झाला का’ यापेक्षा ‘मळकट झाला का’ हे पाहावे. रंग घालवण्यासाठी कोळशाची पूड वापरायचे कुणाला तरी सुचतेच. ते करू नये. कोळसा रंगाबरोबर ॲस्कॉर्बिक आम्लाचेही डीहायड्रो रूप करून टाकतो आणि रस रिकामा असल्यासारखा दिसतो.

कमी जीवनसत्त्वाच्या रसांना, उदाहरणार्थ बाहेरून काही न घातलेल्या सफरचंदाच्या रसाला, १० मिली पुरत नाहीत. त्यात १०० मिलीमागे एखाद-दुसरा मिलिग्रॅम असतो. तिथे ५० मिली घ्यावेत, नाहीतर मोजणी आणि नुसत्या पाण्याची वजाबाकी यांत फरकच उरत नाही.

लेबलाशी तुलना करताना आधी माप पाहावे. आकडा १०० मिलीचा आहे की २०० मिलीच्या एका ग्लासाचा? ‘दोषी’ ठरवलेली कितीतरी पाकिटे या एका ओळीत सुटतात. पण सगळीच सुटत नाहीत. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या दोन चौदा वर्षांच्या मुलींनी शाळेच्या प्रकल्पात पेये तपासली. रायबीना या ब्लॅककरंटच्या तयार पेयात त्यांना ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ सापडलेच नाही. ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट ‘क’ जीवनसत्त्व असते, असे त्याची जाहिरात सांगत होती. वाक्य फळाबद्दलचे, ग्राहक ते पेयाबद्दल समजून घेत होता. प्रकरण न्यायालयात गेले, २००७ मध्ये उत्पादक ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आरोप कबूल केले आणि कंपनीला दोन लाख न्यूझीलंड डॉलरहून जास्त दंड झाला. शाळेतली मोजणी तिथवर पोहोचू शकते. मात्र तिथवर जाण्याआधी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पाकिटावर, ताज्या प्रमाण द्रावणासह तीच मोजणी पुन्हा करणे भाग असते.

वहीत काय लिहिले

गटाने शेवटी सोमवारची नोंद खोडली नाही, तिच्याखाली दुरुस्ती लिहिली: ‘गुणक ०.५८५ (ताजे प्रमाण द्रावण, दुपारी), रस ४८ मिलिग्रॅम प्रति १०० मिली.’ त्यापुढे चूक किती असू शकते तेही लिहिले. चांगला ब्युरेट आणि काळजी असेल तर पाच टक्के इकडेतिकडे. सिरिंज आणि गोळी असेल तर दहा टक्के धरलेले बरे. त्या हिशेबाने पाकिटातले ३५ आणि लेबलावरचे ३० यांत ओढाताण करण्यासारखे फारसे काही नाही, पण स्क्वॅशचे २८.७ आणि ९.६ यांत नक्की आहे.

मोजलेले नमुने प्यायचे नाहीत, चवीपुरतेही नाही. आवरताना उरलेल्या आयोडीनमध्ये प्रमाण द्रावण रंग जाईपर्यंत ओतावे आणि मग ते भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावे. बोटांवरचे आणि गणवेशावरचे तपकिरी डागही त्याच द्रावणाने जातात. या कामाला कपाटातले शिळे द्रावणही चालते.